पावा कोणाचा? : स्वामित्व आणि वादन यांच्या संबंधाविषयी

'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकात न्यायाची चर्चा करताना अ‍ॅरिस्टॉटलने वाद्याचा दृष्टान्त योजला आहे. वादकांमध्ये वाद्ये वाटायची असतील तर कुलीनाला किंवा रूपवानाला अधिक चांगले वाद्य देण्याचे काही कारण नाही. कुळाने वा रूपाने वादन सुधारत नाही. उत्तम वाद्य उत्तम वादकाकडे जावे, हा त्याचा निर्णय. त्यानंतर सुमारे तेवीस शतकांनी, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथात अमर्त्य सेन यांनीही न्यायाच्या प्रश्नासाठी वाद्यच निवडले. एक बासरी आणि तिच्यावर हक्क सांगणारी तीन मुले : अ‍ॅनला ती वाजवता येते, बॉबजवळ खेळायला दुसरे काहीच नाही, आणि कार्लाने ती स्वतः खपून घडवली आहे. तिन्ही हक्कांमागे तीन निरनिराळ्या, आपापल्या परीने सयुक्तिक अशा न्यायकल्पना उभ्या आहेत. निःपक्षपातीपणे विचार करूनही त्यांतील एकीवर सर्वांचे एकमत होईलच असे नाही, हे सेन यांना दाखवायचे आहे.

या दोन्ही विवेचनांत वाद्य कोणाला मिळावे हा प्रश्न आहे. मिळणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न नाही. वाद्य हातात येताच दृष्टान्ताचे काम संपते. परंतु ज्याला ते मिळाले त्याच्या बाबतीत गोष्ट तेथूनच सुरू होते. समजा, एक मध्यम वयाचा, मध्यम कुवतीचा हौशी वादक आहे. तो उत्तम वादक नाही, निर्धन नाही, आणि वाद्य त्याने घडवलेलेही नाही. सायंकाळी काम संपल्यावर तो तासभर एकटाच वाजवतो. ऐकायला कोणी नसते. त्याच्याजवळ एक साधे, बाजारी वाद्य आहे आणि त्याचे बरे चालले आहे. तरीही नामांकित कारागिराने हाताने घडवलेले वाद्य आपल्याकडे असावे अशी ओढ त्याला लागते. तो कारागिराच्या यादीत नाव घालतो, काही महिने वाट पाहतो, आणि वाद्य आल्यावर त्याला जो आनंद होतो तो केवळ चांगल्या खरेदीचा आनंद म्हणून बाजूला सारता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या नियमाने त्याला या वाद्यावर हक्क नाही. सेन यांच्या तीन मुलांपैकी तो कोणीच नाही. मग हा आनंद कोणत्या जातीचा मानावा? तो परिग्रहाचा आनंद आहे की कलेचा? आणि नैतिक दृष्ट्या त्याची किंमत काय?

ज्या वस्तूच्या आधाराने हा प्रश्न येथे तपासायचा आहे तिला इंग्रजीत 'टिन व्हिसल' किंवा 'पेनी व्हिसल' म्हणतात. मराठीत नावाची अडचण आहे. 'शिट्टी' म्हटले की वाहतूक पोलीस आठवतो. 'बासरी' म्हटले की ओठांशी आडवी धरलेली वेळूची नळी डोळ्यांसमोर येते. टोक तोंडात धरून उभा वाजवायचा तो पावा, म्हणून तोच शब्द येथे घेतला आहे. त्याबरोबर येणारा गुराखी आणि त्याची गुरे तेवढी वाचकाने बाहेर ठेवावीत. कारण हा पावा रानातला नाही, कारखान्यातला आहे. सफोक परगण्यातील कोनी वेस्टन या खेड्यातल्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ मध्ये कल्हईच्या पत्र्याची गुंडाळी करून निमुळते, सहा छिद्रांचे पावे बनवायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टरमध्ये त्यांचे उत्पादन मांडले. खेळणे आणि वाद्य यांच्या सीमेवरची ही वस्तू होती. स्वस्तपणा हाच तिचा गुण. आयर्लंडच्या लोकसंगीताने तिला आपलेसे केले आणि त्या संगीतातील अवघड गती, त्यातले सूक्ष्म अलंकार या सहा छिद्रांवर उतरवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक वळण आले. १९७०च्या दशकाच्या आरंभी फिनबार फ्युरी या आयरिश वादकाचा बांबूचा पावा निकामी झाला, तेव्हा बर्नार्ड ओव्हरटन या इंग्रज कारागिराने त्याच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा, लांब आणि खालच्या पट्टीचा पावा घडवला. तेव्हापासून पितळ, चांदी, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंचे पावे एकेक करून हाताने बनवणाऱ्या कारागिरांना जागा मिळत गेली. आज एकाच बोटमांडणीचे वाद्य दुकानात किरकोळ किमतीला मिळते आणि कारागिराकडे त्याच्या अनेक पटींनी. पियानो घेणाऱ्याला असा पेच नसतो. तो महागच असतो. पाव्याच्या बाबतीत मात्र 'साध्याने भागते, मग उंची कशाला?' हा अपरिग्रहाचा प्रश्न अगदी नागडा समोर येतो.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या वाद्याची रचना ध्यानात घ्यायला हवी, कारण तात्त्विक प्रश्नाची गाठ तेथेच आहे. पाव्याच्या वरच्या टोकात एक ठोकळा बसवलेला असतो. ठोकळा आणि नळीची भिंत यांच्यामध्ये जी चपटी फट राहते तिच्यातून फुंकर जाते, समोरच्या पातळ धारेवर आदळते, धारेच्या वर-खाली आंदोलित होते आणि नळीतल्या हवेला बोलते करते. आडव्या बासरीत ही फट नसते. वादकाचे ओठच ती तयार करतात, क्षणोक्षणी बदलतात. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) बासरीची लांबी वाढवून तिला रागसंगीताच्या मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, त्या कर्तृत्वात नळीचा वाटा होता तितकाच ओठांचाही होता. पाव्यात ओठांचे हे काम कारागिराने एकदाच आणि कायमचे करून ठेवलेले असते. म्हणून लहान मुलाने फुंकले तरी पावा वाजतो, बासरी वाजत नाही. पण या सोयीची किंमतही आहे. फुंकर जोराची केली की पाव्याचा स्वर मोठा होण्याबरोबर चढू लागतो आणि अखेर वरच्या सप्तकात उडी घेतो. हळू केली तर उतरतो. नाद लहानमोठा करण्याचे, त्याचा पोत बदलण्याचे जे स्वातंत्र्य बासरीवादकाला आहे त्यातले फार थोडे येथे उरते. फट किती उंच, धार किती पातळ, नळी किती निमुळती, यांतील केसभर फरकांवर दोन सप्तकांची जुळणी आणि फुंकरीला होणारा अवरोध अवलंबून असतो, आणि हे फरक वादकाच्या हाती नसतात. थोडक्यात, पाव्यातून निघणाऱ्या प्रत्येक स्वरात कारागीर हजर असतो. बासरी घेणारा बव्हंशी एक नळी घेतो. पावा घेणारा दुसऱ्या माणसाने घडवलेले ओठ घेतो. तेव्हा कोणता पावा घ्यावा हा प्रश्न चैनीचा वाटला तरी वादनाबाहेरचा नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. पावा घेणाऱ्याचे मन या अदृश्य फटीवर बसते की धातूच्या झळाळीवर? १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतील मापे सारखी असलेल्या तीन बासऱ्या त्याने बनवल्या. पडद्याआडून ऐकणाऱ्यांना, आणि त्यांत कसलेले वादकही होते, कोणती बासरी कशाची हे ओळखता आले नाही. वजनाचा अंदाज लागणार नाही अशी व्यवस्था केल्यावर स्वतः वाजवणाऱ्यांनाही ते सांगता आले नाही. सुषिर वाद्यांत कंप पावते ती आतली हवा. भिंत पुरेशी कठीण आणि आतून गुळगुळीत असली म्हणजे ती कशाची आहे याने ऐकण्यात फरक पडत नाही. याचा अर्थ असा की, 'चांदीच्या पाव्याचा चंदेरी आवाज' ही बहुधा भाषेने कानावर केलेली जादू आहे. समीक्षेच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. हातकागदावर छापलेली कविता अधिक अर्थगर्भ वाटते, हा अनुभव याच कुळातला.

परंतु या प्रयोगातून किती निष्पन्न होते, याबद्दल सावध राहिले पाहिजे. तो प्रयोग भिंतीच्या द्रव्याविषयी आहे, पोकळीच्या आकाराविषयी नाही. किंबहुना आकार सारखा ठेवल्यावरच द्रव्याचा फरक नाहीसा झाला. त्यामुळे कारागिराच्या कामाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. ते कोठे आहे, एवढेच तो दाखवतो. आणि ते गैरसोयीच्या ठिकाणी आहे. ग्राहकाच्या डोळ्यांना दिसते ते पितळ, हाताला कळते ते वजन. ज्यासाठी किंमत मोजायची ती मात्र धातूने वेढलेली थोडीशी रिकामी जागा. घेण्याच्या आनंदात जो भ्रम मिसळलेला असतो तो हा. त्याला आनंदाचा विषय नीट माहीत नसतो. पहिल्या दिवशी तो पितळावर खूश होतो. आणि त्याचे पितळावर खूश होणे व त्या रिकाम्या जागेवर खूश होणे यांत फरक कळण्याइतके वादन त्याच्याजवळ त्या दिवशी नसते.

सौंदर्यशास्त्राकडे वळावे तर तेथे या वादकासाठी फारशी सोय केलेली दिसत नाही. कांटच्या १७९०च्या मीमांसेनुसार सौंदर्याचा निर्णय हितसंबंधरहित असतो. वस्तू प्रत्यक्षात असणे-नसणे, आपल्याजवळ असणे-नसणे याविषयी तो उदासीन असतो. आपल्या हौशी वादकाचे सुख तसे नाही. हा पावा जगात असावा, आपल्या हातात असावा, त्यावर आपली बोटे फिरावीत, असे त्याला वाटते. म्हणून ते सुख सौंदर्याच्या प्रांतातून बाहेर काढावे, तर त्याला केवळ ऐंद्रिय सुखही म्हणता येत नाही, कारण त्याला कसोट्या आहेत. आणि उपयुक्ततेचे सुखही म्हणता येत नाही, कारण त्यातून काही साधायचे नाही. मराठी सौंदर्यविचाराची मांडणीही बहुतांशी कलाकृती आणि आस्वादक या दोन टोकांमधली आहे. मर्ढेकरांना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा शोध घ्यायचा आहे तो कलाकृतीच्या रचनेत. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधला ताण विलक्षण बारकाईने उलगडला आहे. पण तेथेही प्रश्न आहे तो कलाव्यवहार आणि जीवनव्यवहार यांच्या नात्याचा. जो स्वतःच वाजवतो आणि स्वतःच ऐकतो, ज्याची कलाकृती कोणापुढे ठेवली जात नाही आणि श्वासाबरोबर संपते, त्याचा अनुभव या आराखड्यात बसवायचा तर त्याला एकतर गौण कलावंत किंवा गौण रसिक ठरवावे लागते. वस्तुतः तो तिसराच कोणी आहे. संस्कृत काव्यशास्त्राचा 'सहृदय' हा शब्द उदार असला तरी त्याच्या हातात वाद्य दिलेले नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या दहाव्या पुस्तकातील सुखाची उपपत्ती येथे अधिक उपयोगी पडते. तिच्यानुसार सुख म्हणजे कृतीनंतर हाती येणारा मोबदला नसून चांगल्या कृतीला आपोआप येणारी पूर्णता आहे. तीच दिशा घेऊन अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू'मध्ये साधनेच्या अंतर्गत आणि बहिर्गत श्रेयांचा भेद केला. बुद्धिबळ खेळल्याबद्दल मुलाला मिठाई मिळते ती बहिर्गत; खेळातच सापडणारी एक विशिष्ट सूक्ष्मता ही अंतर्गत, आणि ती खेळल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाटेने मिळत नाही. हा भेद पाव्याला लावताच पेच स्पष्ट होतो. पावा विकत घेता येतो. म्हणजे तो मिठाईच्या बाजूला. पण या पाव्यात जे चांगले आहे ते वाजवल्याखेरीज मिळत नाही. म्हणजे तो बुद्धिबळाच्या बाजूला. एकच वस्तू दोन्ही बाजूंना आहे. पैसे दिल्यावर पावा कायद्याने मालकाचा होतो. त्यातले चांगलेपण त्या दिवशी मालकाचे होत नाही. दोन स्वामित्वांच्या मध्ये काळ आहे, आणि या काळाचे काय करायचे यावर सारी नैतिकता अवलंबून आहे.

या काळात काय घडू शकते? 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात प्लेटोने वापरणारा, घडवणारा आणि अनुकरण करणारा अशी उतरंड मांडली आहे. वाद्य कसे असावे हे वादकाला कळते, तो कारागिराला सांगतो, आणि कारागीर त्याच्यावर विश्वास ठेवून घडवतो. (जाता जाता एवढे नोंदवावे की, ज्या ग्रीक 'ऑलॉस'चे भाषांतर सर्वत्र बासरी असे केले जाते तिला जिव्हाळी असे, तिचे नाते बासरीपेक्षा सनईशी अधिक जवळचे. प्लेटोचा तिच्यावरचा राग समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवलेले बरे.) ज्ञानाचा हा प्रवाह वादकाकडून कारागिराकडे वाहतो. पण प्लेटोच्या डोळ्यांसमोर जाणता वादक आहे. शिकणाऱ्याच्या बाबतीत प्रवाह उलटा वाहतो. कारागिराने जे ऐकले, जुळवले, घासून दुरुस्त केले, ते त्याच्या पाव्यात मुरलेले असते आणि पावा ते वादकाला शिकवतो. वरचे सप्तक बेताच्या फुंकरीत नेमके लागणारा पावा वादकाला जोर न करण्याची सवय लावतो; बेसूर पावा त्याला कानाशी तडजोड करण्याची सवय लावतो. मायकेल पोलान्यी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतो ते असे वस्तूच्या मार्फतही एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाऊ शकते. या दोन माणसांची कधी गाठही पडलेली नसते. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत म्हटले आहे की संगीताचा कान संगीतानेच जागा होतो. त्याच हस्तलिखितांत, खाजगी मालमत्तेने माणसाच्या साऱ्या इंद्रियांच्या जागी 'जवळ असण्याचे' एकच इंद्रिय बसवले, अशीही टीका आहे. ही दोन विधाने सहसा वेगवेगळी उद्धृत होतात. पाव्याच्या संदर्भात ती एकत्र वाचावी लागतात, कारण ज्या पाव्याने कान जागा व्हायचा तोच पावा 'जवळ असण्याच्या' इंद्रियाचेही खाद्य आहे.

याविरुद्ध स्वस्त पाव्याचा इतिहास उभा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या दशकात, वर्णभेदाच्या कायद्यांचा फास आवळत असताना, जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर काळ्या पोरांनी दुकानी पाव्यांवर 'क्वेला' हे संगीत उभे केले. स्पोक्स माशियाने हे त्यातले मोठे नाव. 'टॉम हार्क' ही धून तर १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये लोकप्रिय गीतांच्या यादीत वर चढली. या वादकांची पावा धरण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तो सरळ न धरता ते तोंडात तिरपा, खोल धरत. त्यामुळे नाद दाट होई आणि स्वर वाकवता येई. कारखान्याने कायमचे ठरवून टाकलेले ओठ त्यांनी असे परत आपल्या ताब्यात घेतले. वाद्य जे देत नव्हते ते त्यांनी त्याच्याकडून काढून घेतले. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील डूलिनचा शेतकरी मिको रसेल (१९१५–१९९४) याचे वादनही अशाच साधेपणासाठी वाखाणले गेले : स्वर थोडे, घाई नाही, प्रत्येक धून बोलल्यासारखी. त्याच वाद्यावर मेरी बर्गिनने १९७९ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत वेग आणि अलंकार यांचा जो नेमकेपणा दाखवला तो त्यानंतरच्या वादकांना मापदंड ठरला. या उदाहरणांवरून उंची पावा अनावश्यक आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु दारिद्र्यातून निर्माण झालेल्या कलेवरून दारिद्र्याची शिफारस करणे हा भरल्या पोटीचा युक्तिवाद आहे. मराठी समीक्षेने ग्रामीण आणि दलित साहित्याच्या संदर्भात तो पुरेसा ऐकलेला आहे. जोहान्सबर्गच्या पोरांनी स्वस्त पावा निवडला नव्हता. त्यांच्या वादनावरून एवढेच सिद्ध होते की चांगला पावा ही चांगल्या वादनाची आवश्यक अट नाही. ज्याला निवड आहे त्याने काय करावे, याचे उत्तर त्यांच्याकडे मागणे अन्यायाचे आहे.

ज्याला निवड आहे त्याचा खरा धोका दुसरीकडे आहे. पाव्याच्या हौशी वादकांत एक नेहमीचा अनुभव असा : नवा पावा आला की काही दिवस वादन खरोखरच सुधारते. ही सुधारणा काल्पनिक नसते. नव्या वाद्याचा अवरोध वेगळा, छिद्रांमधले अंतर किंचित वेगळे. जुन्या सवयी चालत नाहीत, म्हणून बोटे आणि कान सावध होतात. वादक ऐकू लागतो. या सावधपणाचे श्रेय तो पाव्याला देतो. दोन-तीन आठवड्यांनी सवय परत येते, ऐकणे मंदावते, वादन पूर्वपदावर येते, आणि त्याला वाटते की आपल्याला हवा होता तो हा पावा नव्हे. मग दुसरा, मग तिसरा. खणात पावे साठत जातात. येथे ययातीची आठवण होणे साहजिक आहे. उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतल्याने अग्नी वाढतो तशी ती वाढते, हे त्याचे ज्ञान सर्वश्रुत आहे. पण साम्य पूर्ण नाही. ययातीला भोग हवा होता. या वादकाला हवा आहे तो आरंभ. आपल्या हातात असलेल्या गोष्टीकडे नव्याने लक्ष जाण्याचे ते पहिले दिवस त्याला पुन्हापुन्हा हवे आहेत, आणि ते दिवस पैशाने मिळतात असा त्याचा समज झालेला आहे. त्याची वासना म्हणूनच संग्राहकाच्या वासनेहून निराळी आहे. वाल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना ज्या संग्राहकाचे चित्र रेखाटले तो वस्तूच्या इतिहासावर, तिच्या भाग्यावर प्रेम करतो. पुस्तके न वाचणे ही त्याला नामुष्की वाटत नाही. पाव्यांनी खण भरणाऱ्याला हे समाधानही नाही. न वाजवलेला प्रत्येक पावा त्याला टोचतो.

हे टोचणे महत्त्वाचे आहे. साध्या पाव्यावर वाजवणाऱ्याजवळ एक सबब कायम असते. स्वर फाटला, वरचे सप्तक बेसूर लागले, तर दोष वाद्याचा असू शकतो, आणि कधीकधी तो खरोखरच वाद्याचा असतो. या अनिश्चिततेत त्याला निवारा मिळतो. उत्तम पावा हाती आल्यावर हा निवारा जातो. कारागिराने आपले काम पुरे केले आहे. यापुढे जे चुकेल ते वादकाचे. वाट पाहून, किंमत मोजून ज्याने पावा आणला त्याने एका अर्थाने स्वतःविरुद्धचा साक्षीदार घरात आणलेला असतो. काही आठवड्यांनी तो पावा नकोसा होतो याचे हेही एक कारण असावे. दुसरा पावा मागवणे म्हणजे निकाल लांबणीवर टाकणे. आणि जो दुसरा मागवत नाही, त्याच पाव्यावर, त्याच चुकांसह, सहा महिने वाजवत राहतो, त्याच्या बाबतीत घेण्याचा आनंद हळूहळू वेगळ्या द्रव्याचा बनतो. पितळ काळवंडते, अंगठा टेकतो तेथे तेवढे उजळ राहते. सकाळी गार पावा फुंकला की फटीत दव साचून स्वर गुदमरतो, म्हणून तो आधी हातात धरून उबवायचा, हे त्याला विचार न करता सुचते. कोणता स्वर किती फुंकरीत लागतो हे आता त्याला 'माहीत' नसते. त्याचा श्वास तेवढा होतो. मर्लो-पाँटीने अपरिचित ऑर्गनवर तासाभरात हात बसवणाऱ्या वादकाचे उदाहरण देऊन शरीर वाद्यात कसे वस्तीला जाते हे दाखवले होते. त्या कसलेल्या वादकाला एक तास पुरला. हौशी माणसाला सहा महिने लागतात, एवढाच फरक. या अवस्थेत पावा 'जवळ असणे' आणि पावा 'येणे' यांच्यातले अंतर फार कमी झालेले असते.

'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' (१८८३) या रूपांतराने तो मराठी वाचकाच्या ओळखीचा केला. राजपुत्र एक वाद्य हाती घेऊन गिल्डनस्टर्नला ते वाजवण्याचा आग्रह करतो. तो आपल्याला ते येत नाही म्हणतो. मग हॅम्लेट त्याला विचारतो की एवढेसे वाद्य ज्याला वाजवता येत नाही तो माणसाला वाजवायला कसा निघाला. ते वाद्य पाव्याच्याच कुळातले आहे. त्यालाही ठोकळा आणि फट आहे, म्हणजे ते कोणीही फुंकले तरी वाजणारे आहे. नाट्याची धार यातच आहे. गिल्डनस्टर्नने फुंकले असते तर आवाज निघाला असता. तो फुंकत नाही. त्या सबंध नाटकात त्याच्या हातून झालेली ही एकमेव प्रामाणिक गोष्ट असावी : हातात दिलेली वस्तू आपली नाही हे त्याला कळते. माणसाचे साधन करू नये हा या प्रसंगाचा रूढ अर्थ रास्तच आहे; पण त्याच्या आधीच्या पायरीवर साधनाविषयीही एक गोष्ट सांगितली गेली आहे. ज्याला वाद्यातले गुपित मान्य आहे, ते आपल्याला अजून उघडलेले नाही हे ज्याला मान्य आहे, त्याचाच वाद्याशी व्यवहार सभ्य असतो. पाव्यांनी खण भरणाऱ्याकडे पाहिले तर त्याचे चुकते ते नेमके येथे. प्रत्येक पाव्याचे गुपित आपल्याला एका आठवड्यात कळले असे तो धरून चालतो.

आता सेन यांच्या मुलांकडे परत जाता येईल. त्यांच्या घोळक्यात एक चौथे मूल उभे करून पाहावे. त्याला बासरी वाजवता येत नाही, ते गरीब नाही, त्याने ती घडवली नाही. त्याला ती शिकायची आहे. त्याचा हक्क कोणत्या न्यायकल्पनेत बसतो? उपयुक्ततावादी म्हणेल की अ‍ॅनकडून ऐकणाऱ्यांना अधिक सुख मिळेल. समतावादी बॉबकडे बोट दाखवील. श्रमाच्या फळावर हक्क मानणारा कार्लाकडे. चौथ्याचा दावा अडचणीचा आहे, कारण वाटपाच्या क्षणी त्याला पुरावा नाही. तो खरा होता की नुसता हट्ट होता, हे बासरी दिल्यावर काही महिन्यांनी कळते. आणि तेव्हा वाटप होऊन गेलेले असते. हाताने घडवलेले पावे मोजके असतात. हौशी माणसाच्या खणात पडलेला प्रत्येक पावा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात नसतो. म्हणून हा दावा निरुपद्रवी आहे असेही म्हणता येत नाही. तरीही तो फेटाळला, तर अ‍ॅन तरी कोठून येणार, हा प्रश्न उरतो. अ‍ॅनलाही कोणीतरी, तिला येत नसताना, बासरी दिलेली असणार.

अ‍ॅरिस्टॉटलला हे दिसले होते, पण दुसऱ्या ठिकाणी. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या पुस्तकात शिक्षणाचा विचार करताना त्याने म्हटले आहे की तरुणांनी वाद्य स्वतः वाजवायला शिकावे. धंदेवाईक कौशल्यासाठी नव्हे, तर स्वतः केल्याखेरीज चांगला पारखी होणे कठीण असते म्हणून. मोठेपणी त्यांनी वादन सोडले तरी चालेल, असेही तो सांगतो. त्याच ओघात तो आर्किटासच्या खुळखुळ्याचा उल्लेख करतो : लहान मुलांच्या हाती तो द्यावा, म्हणजे ती घरातल्या वस्तू फोडत नाहीत, आणि संगीताचे शिक्षण हा जरा मोठ्या मुलांचा खुळखुळा आहे. तिसऱ्या पुस्तकात उत्तम वाद्य उत्तम वादकाला देणारा तोच लेखक येथे ज्यांना अजून काही येत नाही त्यांच्या हाती वाद्य देतो. ही दोन पुस्तके एकमेकांशी बोलत नाहीत. आठव्यातल्या मुलाला वाद्य कोणत्या प्रतीचे द्यायचे, आणि तिसऱ्यातल्या वाटपात त्याच्या नावाचे एखादे वाद्य बाजूला ठेवायचे की नाही, यांविषयी त्याने काहीच लिहिलेले नाही.